रेशीम शेडमधला वायरलेस थर्मोस्टॅट: स्क्रीनवर ज्योत दिसते, हीटर मात्र गार

तुतीचा_मळा (ता. अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. रेशीमवाले आणि इलेक्ट्रिकवाले, दोघांचीही मदत हवी आहे.

आमचं संगोपनगृह ६० बाय २४ फुटांचं. वर पत्रा, खाली कोबा, बाजूंनी हिरवी नेट आणि नेटवर ताडपत्रीचे पडदे. दाराशी पडवीसारखी छोटी खोली आहे, मीटर आणि पॅनेल तिथंच. थंडीतल्या बॅचसाठी यंदा दोन ब्लोअर हीटर बसवले, प्रत्येकी २००० वॅटचे. ते आपोआप चालू-बंद व्हावेत म्हणून वायरलेस थर्मोस्टॅट घेतला. स्क्रीनवाला डबा सेलवर चालतो, तो रॅकजवळ टांगलाय. रिसीव्हर पडवीतल्या पॅनेलच्या पेटीत आहे. रिसीव्हरवरून कॉन्टॅक्टर (हीटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), कॉन्टॅक्टरवरून हीटर.

चॉकी सेंटरवरून (लहान अळ्या वाढवून देतात तिथून) दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्या आणि तापमान २६ ला लावलं. दिवसा सगळं व्यवस्थित चालतं. पहाटे शेडमध्ये गेलं की काचेचा थर्मामीटर १९ दाखवायलाय. डब्याच्या स्क्रीनवरही १९च, आणि शेजारी ज्योतीची खूण लागलेली. म्हणजे त्याच्या हिशोबानं हीटर चालू आहेत. हात लावला तर दोन्ही गार! रिसीव्हरचं बटण हातानं दाबलं की कधी लगेच सुरू होतात, कधी पेटीत नुसती खडखड होते. बसवून देणारे फोनवर "सेल बदला" एवढंच सांगतात.

अळ्या मागंपुढं व्हायला लागल्यात. काही खाणं सोडून कातीवर बसल्यात, काही अजून पाला खाताहेत. तिसरी कात एकसारखी गेली नाही तर चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) सोडताना काय हाल होतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. कुठून शोधायला सुरुवात करू?

काळी_कसदार (परभणी)

ताई, सेल कोणते घातलेत? रिचार्जेबल असतील तर ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. स्क्रीन दिसत राहते, पण सिग्नल सोडताना लागणारा जोर कमी पडतो. अल्कलाइन सेल घाला. घड्याळात घालतो ते स्वस्तातले सेलसुद्धा थंडीत लवकर बसतात.

मूळ_लातूरकर (सध्या लीड्स)

मी इंग्लंडात राहतो. इथं घरोघरी सेंट्रल हीटिंग असतं: एक गॅस बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून फिरतं, आणि बैठकीतला वायरलेस थर्मोस्टॅट बॉयलरला चालू-बंद सांगतो. तुमची यंत्रणा अगदी त्याच घडणीची आहे, फक्त बॉयलरच्या जागी ब्लोअर. आमच्याकडेही ऐन हिवाळ्यात हीच तक्रार सगळ्यात जास्त असते.

ती ज्योतीची खूण फसवी आहे. तिचा अर्थ "मी हीटर मागितला" एवढाच. रिसीव्हरनं ऐकलं का, त्यातला रिले (छोटा विजेचा स्विच) लागला का, हीटर तापला का, यातलं काहीच डब्याला कळत नाही, कारण बहुतेक साध्या मॉडेलमध्ये निरोप एकाच दिशेनं जातो. म्हणून कुठलाही भाग बदलण्याआधी साखळीतली एकेक कडी आपल्या डोळ्यांनी बघायची. डब्यानं मागितलं, रिसीव्हरचा दिवा लागला, रिले 'टक' वाजला, कॉन्टॅक्टर बसला, हीटरला करंट गेला. जिथं साखळी तुटते तिथंच दुरुस्ती. आम्ही लोक पहिल्यांदा थर्मोस्टॅटच बदलतो आणि पैसे घालवून बसतो.

आज दोन गोष्टी करून बघा. डबा काढून रिसीव्हरपासून हातभर अंतरावर धरा आणि तापमान ३० ला न्या. लगेच 'टक' आला तर दोघांची जोडणी शाबूत आहे, आणि मग अंतर किंवा मधला अडथळा शोधायचा. दुसरं, पहाटे हीटर गार असतात त्या वेळी रिसीव्हरचा दिवा चालू असतो की बंद, हे बघून इथं लिहा. त्या एका उत्तरावर अर्धा शोध लागेल.

फेज_न्यूट्रल (नांदेड)

लातूरकर दादांचं बरोबर आहे. मी पॅनेलची कामं करतो, त्यामुळं माझा संशय वेगळीकडं जायलाय. ताई, ती "खडखड" नीट ऐका. रिलेचा आवाज एकच असतो, टक. खडखड येते ती कॉन्टॅक्टरची. मोटारीचा स्टार्टर लाईट कमी असली की धरत नाही, थरथरतो, तेच हे. पहाटे पॅनेलवर व्होल्टेज किती असतंय ते मीटर लावून बघा. टेस्टर लावू नका, टेस्टरचा दिवा १५० लाही लागतो.

आणि एक विचारतो. शेड कुठल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे? शेतीच्या मोटारी त्याच डीपीवर आहेत का?

धुनी (माजलगाव)

एवढं कशाला? आमच्याकडं कोळशाची शेगडी ठेवायचो, शेड मस्त गरम राहायचं.

बालाघाट (ता. केज)

शेगडीबद्दल आधी बोलतो, मग थर्मोस्टॅटबद्दल. धुनी भाऊ, रागावू नका, पण बंद शेडमध्ये कोळसा पेटवून कुणी झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, झोपलेला माणूस उठत नाही. आणि धूर अळ्यांनाही सोसत नाही. पूर्वी दुसरा इलाज नव्हता म्हणून लोकांनी केलं. आज वीज आहे, तर ती नीट वापरायची.

आता ताईंसाठी. अळीच्या अवस्थेप्रमाणं (दोन कातींमधला काळ म्हणजे एक अवस्था) तापमान उतरवत न्यायचं असतं: पहिलीला २८, दुसरीला २७, तिसरीला २६, चौथीला २५, पाचवीला २४ अंश. आर्द्रताही तशीच, सुरुवातीला ८५ ते ९० टक्के आणि शेवटी ७० च्या आसपास. अळीला स्वतःची ऊब नसते, हवा गार तर अळी गार. २० च्या खाली गेली की पाल्यावरून तोंड काढते, दिवस वाढतात आणि काती पुढंमागं होतात. गारवा आणि ओल एकत्र आली की मस्कार्डिनचीही (बुरशीच्या रोगाची) भीती. म्हणून तुमची घाई योग्यच आहे.

पण सगळं ६० फुटी शेड तापवायलाच नको. तिसरीतल्या अळ्यांना जागा किती लागते? एका बाजूच्या रॅकवर सगळ्या मावतात. त्या बाजूला पत्र्यापासून जमिनीपर्यंत प्लास्टिकचा कागद सोडून खोली करा, पत्र्याखाली छत म्हणून जुनी ताडपत्री बांधा. वर हातभर फट मोकळी ठेवा, नाहीतर पाल्याची वाफ आणि लेंड्यांचा वास कोंडतो. चौथीला गेल्या की कागद पुढं सरकवायचा. हीटरचं निम्मं काम इथंच हलकं होतं.

डबा कुठं टांगलाय तेही बघा. भिंतीवर नको, पत्र्याजवळ नको, ब्लोअरच्या झोतात तर मुळीच नको. रॅकच्या मधल्या कप्प्याच्या उंचीला हवा. आमच्या शेडमध्ये खालच्या आणि वरच्या कप्प्यात तीन अंशांचा फरक पडायचा, छोटा पंखा वरून खाली फिरवल्यावर कमी झाला.

अजून एक. कातीनंतर विजेता ही जंतुनाशक पावडर धुरळता ना? कातीवर चुना? तो सगळा धुरळा त्या डब्याच्या फटीत बसतो. उघडून बघा.

तुतीचा_मळा

सगळ्यांचे आभार. सांगितलेलं सगळं करून बघितलं, जे दिसलं ते लिहिते.

डबा उघडला. बालाघाट मामा म्हणाले तसंच निघालं. सेन्सरसमोरच्या बारीक जाळीत चुन्याचा पांढरा थर चिकटलेला, आणि सेल बसतात त्या स्प्रिंगच्या टोकाला हिरवट गंज. कोरड्या मऊ ब्रशनं जाळी झाडली, स्प्रिंग बारीक कानशीनं घासून लख्ख केली, अल्कलाइन सेल घातले.

डबा रिसीव्हरजवळ धरला तर लगेच टक, दिवा लागला, हीटर सुरू. म्हणजे जोडणी शाबूत.

पहाटे रिसीव्हरचा दिवा बंद होता. डब्यावर ज्योत, रिसीव्हरवर दिवाच नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवा चालू, टक वाजलेला, आणि तरीही हीटर गार! मीटर लावला तर १६८ व्होल्ट. डीपी शेतीचीच आहे. रात्रपाळीची लाईट आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू होतात.

फेज_न्यूट्रल

मग दोन बिघाड एकमेकांत अडकलेत, म्हणून कुणालाच सापडत नव्हता. एकदा रिसीव्हर ऐकत नाही, एकदा ऐकतो पण कॉन्टॅक्टर धरत नाही. दोन्हीची लक्षणं शेडमध्ये सारखीच दिसतात, गार हीटर.

व्होल्टेजचं समजून घ्या. २३० च्या एसी कॉईलचा कॉन्टॅक्टर ८५ टक्क्यांपासून, म्हणजे साधारण १९५ व्होल्टपासून, खात्रीनं ओढतो. त्याखाली ओढेल की नाही याची हमी नाही. धरलेला कॉन्टॅक्टर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १७२ च्या, खाली कधीही सोडू शकतो. तुमचे १६८. रिसीव्हरमधली पॉवर सप्लाय मात्र बहुधा १०० व्होल्टपर्यंत चालणारी असते, म्हणून त्याचा दिवा आरामात लागतो आणि सगळं ठीक वाटतं.

आणि हीटर लागला तरी पूर्ण तापणार नाही. हीटरच्या कॉईलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १६८ ला २३० नं भागा, आलेल्या उत्तराला त्यानंच गुणा, ०.५३ येतं. म्हणजे २००० वॅटचा हीटर सुमारे १,०७० वॅटच देतो. ऐन गारठ्यात निम्मा हीटर. म्हणून बालाघाट मामांचं पार्टिशन तुम्हाला करावंच लागेल.

चार किलोवॅटला पुरेल एवढा स्टॅबिलायझर महाग पडतो, त्याच्या मागं लागू नका. कंट्रोल तेवढा वेगळा करा. २४ व्होल्ट डीसी कॉईलचा कॉन्टॅक्टर आणि त्याला २४ व्होल्टची छोटी एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ती १०० ते २४० मध्ये कुठंही चालते, मोबाईलच्या चार्जरसारखी. मग पहाटे १६० आले तरी कॉन्टॅक्टर घट्ट धरतो. फक्त आधी रिसीव्हरची टर्मिनल बघा. कोरडे कॉन्टॅक्ट असतील, म्हणजे कॉम (सामाईक टोक) आणि एनओ (रिले लागला की जोडलं जाणारं टोक) वेगळे आणि त्यांच्यावर लाईट नसेल, तरच त्यातून २४ व्होल्ट न्यायचे. काही मॉडेलमध्ये आतूनच फेज बाहेर येतो, त्याला असं जोडलं तर एसएमपीएस जळेल. मेन बंद करून जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

रेडिओची_तार (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या बिघाडावर मी लिहितो. रिसीव्हर पॅनेलच्या लोखंडी पेटीत आहे, तिथंच घोळ आहे. लोखंडी पेटीत रेडिओ लहरी शिरत नाहीत, फटीतून जेवढ्या जातील तेवढ्याच. त्यात शेडचा पत्रा, रॅकचे जीआय पाइप आणि पाण्यानं भरलेल्या ओल्या फांद्यांचे थर. यातली प्रत्येक गोष्ट सिग्नल अडवते किंवा पिते.

मला एक सांगा, पडवी आणि शेडच्या मधलं दार कशाचं आहे? दिवसा उघडं आणि रात्री बंद असतं का?

तुतीचा_मळा

पत्र्याचं आहे! दिवसा पाला आत-बाहेर करायचा म्हणून सताड उघडं असतं. रात्री थंडी येऊ नये म्हणून आम्ही ते ओढून घेतो.

रेडिओची_तार

मग झालं. दिवसा दारातून सिग्नल जातो, रात्री दारावर थडकतो. दुपारीच दार लावून, डबा त्याच्या जागेवर ठेवून बघा. रिसीव्हर ऐकणार नाही.

इलाज सोपा आहे. रिसीव्हर लोखंडी पेटीतून काढून प्लास्टिकच्या बंद पेटीत घाला आणि ती दाराच्या आतल्या बाजूला, शेडमध्ये, डोक्याच्या उंचीवर लावा. तिथून पॅनेलपर्यंत वायर न्या. रिसीव्हरमधून बारीक तार लोंबत असेल तर ती अँटेना आहे. ती गुंडाळू नका, कापू नका, सरळ उभी ठेवा. ४३३ मेगाहर्ट्‌झच्या मॉडेलला ती साधारण १७ सेंटीमीटर असते, ८६८ च्या मॉडेलला त्याच्या निम्मी. बसवणारे बऱ्याचदा पेटीत मावत नाही म्हणून तिची वेटोळी करतात आणि पल्ला एकदम घटतो.

गोदाकाठ (ता. वसमत)

धाग्यात मध्येच शिरतोय, पण माझं नेमकं उलटं आहे. हीटर बंदच होत नाही. परवा शेड ३३ ला गेलं होतं, पाला कडकडीत वाळला. हेही सिग्नलचंच का?

मूळ_लातूरकर

असू शकतं. सिग्नल तुटला तर काय करायचं, हे प्रत्येक रिसीव्हरचं वेगळं असतं. काही जण थोडा वेळ वाट बघून हीटर बंद करतात. काही शेवटचा निरोप धरून बसतात, शेवटचा निरोप "चालू" असेल तर चालूच. हीटर चालू असताना डब्यातले सेल काढा आणि रिसीव्हरजवळ थांबा. तासाभरातही बंद झाला नाही, तर तुमचा रिसीव्हर दुसऱ्या जातीचा आहे आणि तो पहाऱ्याशिवाय ठेवायचा नाही.

फेज_न्यूट्रल

दादा, आधी हे सांगा, मध्ये कॉन्टॅक्टर आहे का? की हीटर थेट रिसीव्हरच्या रिलेवर? रिलेवर बहुधा १० अँपिअर लिहिलेलं असतं. २००० वॅटचा हीटर २३० ला ८.७ अँपिअर घेतो, एक जेमतेम चालेल, दोन जोडले तर कॉन्टॅक्ट चिकटतात. दिवा बंद, तरी हीटर चालू, असं असेल तर रिले वेल्ड झालाय. तो काढून टाका, ठोकून सोडवू नका.

अजून एक शक्यता. वायर एनओऐवजी एनसीला (रिले बंद असताना जोडलेल्या टोकाला) लावली असेल तर सगळं उलटं चालतं, गरम झालं की हीटर लागतो. डबा १५ ला लावून बघा, लगेच कळेल.

आणि ताई तुम्हीसुद्धा: थर्मोस्टॅट कितीही चांगला असो, कॉन्टॅक्टरच्या कॉईलच्या वायरीत एक साधा कॅपिलरी थर्मोस्टॅट सिरीजमध्ये टाका. गीझरमध्ये असतो त्या प्रकारचा, पण हवेच्या तापमानाचा. ३० ला लावून ठेवा, त्यावर गेलं की तो हीटर तोडतो. त्याला सेल लागत नाही, सिग्नल लागत नाही. मात्र कॉन्टॅक्टर स्वतःच चिकटला तर तो उपयोगाचा नाही, म्हणून हीटरची एमसीबी (खटका) हाताशी, कळेल अशी असू द्या.

बालाघाट

३३ अंशांवर गोदाकाठ यांचं नुकसान गारठ्यापेक्षा जास्त होईल. ब्लोअर हवेतली ओल खेचतो. पाला वाळला की अळी उपाशी राहते, वर शेड गरम. हीटर चालू असेल तोवर रॅकखाली ओली गोणपाटं ठेवा आणि पाल्यावर कागद झाका. अळ्या कातीवर बसल्या की मात्र गोणपाटं काढायची, कागद उचलायचा, चुना धुरळायचा. कातीत ओल नको, कोरडी मोकळी हवा हवी.

तुतीचा_मळा

खबर देते. आधी दुपारी दार लावून बघितलं. डब्यावर ज्योत, रिसीव्हर गप्प. दार हातभर उघडलं, टक! डोळ्यांदेखत. मग रिसीव्हर प्लास्टिकच्या पेटीत घालून आतल्या बाजूला लावला. अँटेनाची तार खरंच पेटीत चार वेढे घालून कोंबलेली होती, ती सरळ सोडली. आमचा रिसीव्हर कोरड्या कॉन्टॅक्टचा निघाला. गावातल्या वायरमन दादांनी २४ व्होल्टचा कॉन्टॅक्टर आणि एसएमपीएस बसवली, कॅपिलरी थर्मोस्टॅटही सिरीजमध्ये टाकला. मामांच्या सांगण्याप्रमाणं कागदाचं पार्टिशन केलं.

आज पहाटे व्होल्टेज १७१ होतं, कॉन्टॅक्टर घट्ट धरलेला, खडखड नाही. काचेचा थर्मामीटर मधल्या कप्प्यात २५, खालच्या कप्प्यात २४. मागं राहिलेल्या अळ्यांना वेगळ्या रॅकवर काढलंय, त्यांना पाला आधी देतेय. पुढच्या कातीपर्यंत बऱ्याच जुळतील असं वाटतं. अजून एक विचारायचं राहिलं: डबा २६ ला लावला तरी हीटर २५.५ ला सुरू होतो आणि २६.५ ला बंद. हा दोष आहे का?

मूळ_लातूरकर

नाही, तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर कॉन्टॅक्टर मिनिटामिनिटाला उघडझाप करून खलास होईल. अर्धा अंश वर-खाली अळ्यांना चालतो, तसाच राहू द्या. डब्याचा आकडा आणि तुमचा काचेचा थर्मामीटर यांत कायमचा फरक असेल, तर सेटिंगमध्ये तेवढा अंश कमी-जास्त करायची सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते. आधी दोन्ही एकाच कप्प्यात शेजारी टांगून, दार लावून, अर्धा तास थांबून वाचा.

काळी_कसदार

ताई, बॅच उठल्यावर शेड धुताना डबा आणि रिसीव्हर दोन्ही काढून घरात ठेवा. ब्लीचिंग पावडरची फवारणी करतो ना आपण, त्या क्लोरिननं तांब्याची टर्मिनलं आणि स्प्रिंग खाऊन टाकल्या जातात. तो हिरवट गंज तिथूनच आला असणार. पुढच्या बॅचआधी परत लावून, शेजारी धरून टक ऐकायचा आणि मगच अंडीपुंजांची मागणी नोंदवायची.

गोदाकाठ

माझ्याकडं रिले चिकटलेलाच निघाला. दोन्ही हीटर थेट रिसीव्हरवर होते. सध्या एमसीबीनं हातानं चालू-बंद करतोय. फेज_न्यूट्रल दादा, दोन हीटरसाठी कॉन्टॅक्टर किती अँपिअरचा आणि वायर कुठली घेऊ? आणि शेजारच्या शेडवाल्यानंही हेच मॉडेल मागवलंय, दोघांचे सिग्नल एकमेकांत जातील का?

फेज_न्यूट्रल

२५ अँपिअरचा, दोन पोलचा घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. प्रत्येक हीटरला वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळी १६ अँपिअरची एमसीबी. पॅनेलला अर्थिंग आहे का ते आधी तपासा, शेडमध्ये फरशी ओली असते. शेजाऱ्याचं म्हणाल तर प्रत्येक डब्याचा कोड वेगळा असतो. त्यांचा रिसीव्हर जोडणीच्या बटणावर असताना तुमच्या डब्याचे सेल काढून ठेवा, नाहीतर तो तुमचाच डबा शिकेल. जोडणी झाली की तुमचा डबा ३० ला नेऊन त्यांचा हीटर लागत नाही ना, एवढं एकदा बघा.